‘ब्रदर्स इन आर्म्स’ची दुसरी बाजू

पंचगंगा

डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘ब्रदर्स इन आर्म्स’ची पहिली बाजू माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांना पाठ असेल. दुसरी बाजू मात्र बहुतेकांची पुढे ढकलली गेली, आणि खरा अल्बम त्या बाजूला आहे असं माझं आता ठाम मत झालंय. म्हणून हा धागा.

अल्बम आला मे १९८५ मध्ये. आमच्याकडे कोल्हापुरात तो पोचला १९९२ साली, मामेभावाबरोबर. मुंबईत त्याच्या मित्राकडे सीडी होती, तिच्यावरून दादाने टीडीकेची ६० ची कॅसेट भरून आणली. आता हिशोब बघा. सीडीवरची पहिली पाच गाणी मिळून होतात जवळपास ३३ मिनिटं. ६० च्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची. त्यामुळे पाचवं गाणं, ‘व्हाय वरी’, आमच्या घरी कधी पूर्ण झालंच नाही. शब्द संपता संपता खटकन बटण वर यायचं. दुसऱ्या बाजूला चारच गाणी, सव्वाबावीस मिनिटांची. उरलेल्या जागेत दादाने ‘सुलतान्स ऑफ स्विंग’ भरलं होतं, बँडच्या १९७८ च्या पहिल्या अल्बममधलं. ते सगळ्यांचं लाडकं. दुसरी बाजू लावली की बोट आधी फास्ट फॉरवर्डवर जायचं, थेट तिथे पोचायला. मधली चार गाणी मोडत तोडत ऐकली जायची.

गेल्या महिन्यात पुण्याहून कोल्हापूरला येताना गाडीत अख्खा अल्बम सलग लावला. मध्ये इतकी वर्षं तो पूर्ण असा ऐकला नव्हता. ‘व्हाय वरी’चे शब्द संपले तेव्हा माझे कान त्या खटक्याची वाट बघत होते, आणि खटका आला नाही. गिटार आणि कीबोर्ड हलक्या हाताने पुढे चालूच राहिले, चांगली तीन मिनिटं. त्यात काही घडत नाही. नवी चाल नाही, चढाव नाही. गाण्यात ज्याला धीर दिलाय त्याच्याजवळ कुणीतरी आणखी थोडा वेळ बसून राहावं, एवढंच. माझ्या आवडत्या गाण्याचा तिसरा हिस्सा मी पंचेचाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा ऐकत होते. साताऱ्याच्या पुढे गाडी बाजूला घेऊन परत लावलं.

पण सांगायचंय ते त्यानंतरच्या बाजूबद्दल.

दुसरी बाजू सुरू होते ‘राइड अक्रॉस द रिव्हर’ने. रातकिड्यांचा आवाज, रेगेकडे झुकणारा ठेका, मधून येणारा ट्रम्पेट. शाळेत असताना आम्हाला हे नदी ओलांडून कुठेतरी निघालेल्यांचं, सहलीचं गाणं वाटायचं. आता शब्द ऐका. पहिला बोलणारा म्हणतो, मी स्वातंत्र्याचा सैनिक, आमचं कार्य पवित्र आहे, वेळ आली तर प्राण देऊ. दुसरा बोलणारा भाडोत्री आहे. तो म्हणतो, कुणासाठी मारतोय याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. आणि दोघांच्या तोंडी ध्रुवपद एकच, चाल एकच, नदी एकच. बँडचा गायक, गिटारवादक आणि गीतकार मार्क नॉफ्लर कुणाची बाजू घेत नाही. दोघांना एकाच रात्री, एकाच पाण्यात उतरवतो आणि बाजूला होतो.

मग ‘द मॅन्स टू स्ट्राँग’. साधी अकूस्टिक गिटार, जवळजवळ बोलल्यासारखं गाणं. बोलतोय एक म्हातारा. तरुणपणी लढायांमध्ये ढोल वाजवणारा पोरगा होता, पुढे छळाच्या कोठड्यांपर्यंत पोचला, लुटीला कायद्याचं आणि श्रद्धेचं नाव देत गेला. मध्येच गिटारचे दोन प्रचंड आघात येतात आणि लगेच सगळं परत शांत होतं. त्या आघातांसाठी आम्ही आवाज वाढवून ठेवायचो आणि आईची बोलणी खायचो. तो माणूस काय कबूल करतोय ते कुणीच ऐकत नव्हतं. आणि तो कबूल तरी कुठे धड करतो? अर्धा पश्चात्ताप, अर्धी फुशारकी. नॉफ्लरने त्याला राक्षस केलेला नाही, म्हणून तो जास्त भयंकर वाटतो.

‘वन वर्ल्ड’ बाजूला ठेवते, ते मला आजही फिकं वाटतं.

शेवटी ‘ब्रदर्स इन आर्म्स’. हे फॉकलंड युद्धाच्या काळात लिहिलेलं. १९८२, एप्रिल ते जून, ७४ दिवसांचं युद्ध. ब्रिटनचे २५५ आणि अर्जेंटिनाचे ६४९ सैनिक गेले. गाण्यात मात्र फॉकलंडचं नाव नाही, देशाचं नाव नाही, शत्रूचंही नाही. रणात मरत असलेला एक सैनिक सोबत्यांशी बोलतोय. तुम्ही मला टाकून गेला नाहीत, म्हणतोय. आपल्या सखल मुलखाची आठवण काढतोय, तुम्ही एक दिवस आपापल्या खोऱ्यांत परत जाल म्हणतोय. आणि जाता जाता, आपण आपल्याच भावांशी लढतो हा वेडेपणा आहे, असं सांगून थांबतो. सात मिनिटांत नॉफ्लर एकदाही आवाज चढवत नाही.

चारही गाणी ओळीने ऐकल्यावर माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. या अल्बममध्ये नॉफ्लर स्वतः फार थोडा बोलतो. तो दुसऱ्यांना बोलू देतो. ‘मनी फॉर नथिंग’सुद्धा त्याचं म्हणणं नव्हे, न्यूयॉर्कच्या एका दुकानात फ्रिज-ओव्हन उचलणारा कामगार भिंतीवरच्या टीव्हींवर एमटीव्ही बघत जे बोलत होता, ते नॉफ्लरने तिथल्या तिथे कागद मागून उतरवून घेतलं. गाण्यात येण्याआधी हा माणूस लीड्सला ‘यॉर्कशायर इव्हनिंग पोस्ट’मध्ये बातमीदार होता, तो बातमीदार इथे कान लावून बसलाय. मालवाहू कामगार, क्रांतिकारक, भाडोत्री शिपाई, छळ करणारा म्हातारा, मरणारा जवान. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या आवाजात बोलू दिलंय आणि कुणाच्याही पुढे न्यायाधीश होऊन उभा राहिलेला नाही.

एमटीव्हीवरच्या ‘मनी फॉर नथिंग’च्या निळ्या-लाल ठोकळ्यांच्या व्हिडिओने आपल्याला हा अल्बम मजेचा म्हणून दिला. मजा आहेच त्यात. पण सलग ऐका, दुसऱ्या बाजूपासून सुरुवात करून ऐका, आणि तुम्हाला काय दिसतं ते लिहा. वेगळं दिसलं तर नक्की लिहा.

---

तबकडी

पंचगंगाताई, काय लिहिलंत! तुमच्या मामेभावाच्या कॅसेटवर जे झालं तेच एलपीवरही झालं होतं, फक्त तिथे ते मुद्दाम केलेलं होतं.

एलपीची एक बाजू २२-२३ मिनिटांपर्यंत छान वाजते. त्याहून जास्त भरायचं तर खाचा जवळजवळ आणि उथळ कराव्या लागतात, मग आवाज बारीक होतो आणि खर्ज आधी मरतो. म्हणून १९८५ च्या एलपीवर पहिल्या बाजूची चार गाणी कापली गेली. फक्त ‘वॉक ऑफ लाइफ’ जवळपास जसंच्या तसं राहिलं. ‘मनी फॉर नथिंग’ साडेआठ मिनिटांच्या आसपासचं, ते सातवर आलं. ‘युअर लेटेस्ट ट्रिक’ साडेसहावरून पावणेपाचवर. आणि ‘व्हाय वरी’ सीडीवर साडेआठ मिनिटं, एलपीवर साधारण सव्वापाच. म्हणजे तुमची कॅसेट जिथे खटकन थांबायची, साधारण तिथेच एलपीवाल्यांचंही गाणं विरून जायचं.

आता गंमत बघा. दुसरी बाजू मुळातच २२ मिनिटांची, त्यामुळे तिला कात्री लावायची गरजच पडली नाही. तुम्ही म्हणता ती युद्धाची बाजू एलपीवर असो, सीडीवर असो, सगळीकडे अख्खी आहे.

रेकॉर्डिंगबद्दल थोडं, कारण या अल्बममध्ये तो भाग मोठा आहे. सगळं सोनीच्या २४ ट्रॅक डिजिटल यंत्रावर रेकॉर्ड झालं. तेव्हा सीडी बाजारात येऊन अडीच-तीन वर्षंच झाली होती. लोक नवा सीडी प्लेअर घेताना वाजवून बघायला हाच अल्बम मागायचे. सीडीवर दहा लाखांच्या वर खपलेला हा पहिला अल्बम.

माझ्याकडे जुनी एलपी आहे, आणि नंतर निघालेली दोन तबकड्यांची आवृत्तीही आहे. तिच्यात सगळी गाणी पूर्ण लांबीची आहेत. ‘व्हाय वरी’ रात्री दिवे मालवून त्या आवृत्तीवर ऐकाच.

---

सहातारी

शेवटच्या गाण्यावर गिटारच्या बाजूने लिहितो, कारण ते गाणं शिकवत शिकवतच मी शिकवणी घ्यायला लागलो.

नॉफ्लर प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची चकती, वापरत नाही. अंगठा आणि दोन बोटं, त्याने तारा खेचतो. म्हणून त्याच्या सुराला सुरुवातीला एक हलका चिमटा असतो आणि मग सूर गोल होतो. ‘सुलतान्स’मध्ये हातात फेंडर स्ट्रॅटोकास्टर होती, तिचा आवाज पातळ आणि लखलखीत. ‘ब्रदर्स इन आर्म्स’ला त्याने गिब्सन लेस पॉल घेतली, जाड आवाजाची. जोडीला पायाखाली व्हॉल्यूमचं पेडल. तार आधी छेडायची आणि आवाज मागून पायाने उघडायचा. छेडल्याचा ठोका ऐकूच येत नाही, सूर कुठूनतरी वर येतो. गायकाचा श्वास जसा लागतो तशी ही गिटार लागते.

विद्यार्थ्यांना मी सांगतो की या गाण्यात तो एक ओळ गातो आणि एक ओळ गिटारवर सोडतो. गाणारा थकलाय, वाक्य पूर्ण करायला गिटार येते. पोरं पहिल्यांदा वाजवतात तेव्हा त्या जागा भरून टाकतात. बोटं चालतात म्हणून चालवतात. नॉफ्लरची बोटं त्यांच्यापेक्षा दसपट चालतात आणि तरी तो तिथे तीन सूर घेतो आणि थांबतो. जी शार्प मायनरमध्ये आहे, गिटारवर आडनिडी पट्टी. सोयीसाठी ए मायनरला नेऊन वाजवू नका, मूळ पट्टीतच बसवा. त्या सुरांचं वजन तिथेच आहे.

आणि ‘मनी फॉर नथिंग’च्या त्या प्रसिद्ध आवाजाबद्दल. निर्माता-ध्वनिमुद्रक नील डॉर्फ्समनने सांगितलेली हकीकत अशी की अँपसमोरचे माइक अजून नीट लावायचे होते, एक तर जमिनीकडे तोंड करून होता. पलीकडे नियंत्रण कक्षात ऐकणाऱ्यांना तोच आवाज आवडला आणि त्यांनी कुणाला माइकला हात लावू दिला नाही.

---

कोरडाओढा

धागा चांगला आहे, पण मला वेगळं दिसलं, आणि पंचगंगा यांनी वेगळं लिहा म्हटलंय म्हणून लिहितो.

दुसरी बाजू शब्दांनी मोठी आहे, मान्य. आवाजाने ती आज जुनी झालीय. ‘राइड अक्रॉस द रिव्हर’मधली ती सिंथवरची बासरी घ्या, ती त्या काळाच्या कीबोर्डची आहे आणि ते लपत नाही. जंगल, रात्र, नदी हे सगळं यंत्रातून आलेलं कळतं. युद्धाबद्दलचं गाणं इतकं स्वच्छ, इतकं घासूनपुसून ठेवलेलं मला रुचत नाही. डिजिटलचं जे कौतुक तबकडी करतात, नेमका तिथेच माझा आक्षेप आहे.

या बँडचं मोठं काम १९८२ चं ‘लव्ह ओव्हर गोल्ड’ हे आहे. पाचच गाणी. ‘टेलिग्राफ रोड’ १४ मिनिटांचं. एक माणूस जंगलात खोपट बांधतो, तिथे वस्ती होते, रस्ता होतो, कारखाने येतात, आणि मग तेच कारखाने बंद पडून माणसं रस्त्यावर येतात. मी इचलकरंजीचा. यंत्रमाग बंद पडलेल्या गल्लीत वाढलो. ते गाणं मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

ढोलकऱ्याचा मुद्दा राहिला. टेरी विल्यम्सचं बरंचसं वाजवणं काढून ओमार हकीमकडून नव्याने वाजवून घेतलं. हकीम जॅझचा थोर वादक, दोन-तीन दिवसांत काम उरकून गेला. टेरीचं जे राहिलं ते ‘मनी फॉर नथिंग’च्या सुरुवातीचं, गिटार यायच्या आधी ढोल चढत जातात ते. मला विचाराल तर अल्बममधला सगळ्यात जिवंत क्षण तोच.

---

पंचगंगा

@कोरडाओढा, सिंथबद्दल वाद घालणार नाही, तो काळाचा शिक्का आहेच. पण स्वच्छपणाबद्दल माझं मत उलट आहे. ‘द मॅन्स टू स्ट्राँग’मध्ये तो म्हातारा कानाशी येऊन बोलतो. ओठ उघडल्याचा आवाजसुद्धा येतो. ते रेकॉर्डिंग खरबरीत असतं तर तो माणूस लांब राहिला असता, आणि मला तो लांब नको आहे. सुटका नको त्याच्यापासून.

‘टेलिग्राफ रोड’वर तुम्ही लिहाच. इचलकरंजीच्या बाजूने लिहा.

---

माणदेश

मी गाण्यातलं फार जाणत नाही, पण शेवटच्या गाण्याची एक आठवण आहे.

आमचा सातारा जिल्हा फौजेचा. अपशिंगे मिलिटरी हे गाव तर सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. आमचं गाव एवढं नावाजलेलं नाही, पण घरटी एक तरी माणूस पलटणीत. आण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ७१ ला होते.

१९९९ ची गोष्ट. मी कराडला इंजिनिअरिंगला, सुट्टीला घरी आलो होतो. टीव्हीवर दिवसभर कारगिल. तालुक्यात पेट्या येत होत्या. आण्णा बातम्या बघायचे आणि बंद करून ओट्यावर जाऊन बसायचे. संध्याकाळी मी आत खोलीत हे गाणं लावलं होतं, होस्टेलवरच्या मित्राची कॅसेट. आण्णांना इंग्रजी गाण्यांचा राग, ‘बंद कर ती खडखड’ ठरलेलं. त्या दिवशी ते दारात येऊन उभे राहिले आणि गाणं संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग विचारलं, “काय म्हणतोय हा?”

मी जमेल तसं सांगितलं. लढाईत पडलाय, मरतोय, बरोबरच्यांना सांगतोय की तुम्ही मला टाकून गेला नाहीत.

आण्णा म्हणाले, “खरं हाय. पडलेल्यापाशी कोण तरी थांबावं लागतं. न्हाय तर ते पोरगं घाबरतं.”

त्यांनी ७१ बद्दल घरात कधी काही सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळीही यापुढे काही बोलले नाहीत, पण ‘परत लाव’ म्हणाले. दुसऱ्यांदा ऐकताना शेवटी ते आपल्याच भावांशी लढण्याचं वाक्य येतं, ते मी सांगितलं नाही. तालुक्यात पेट्या येत असताना ते वाक्य मला उच्चारवेना. नंतर कधीतरी सांगितलं असतं तर आण्णा काय म्हणाले असते याचा मी अजून विचार करतो. ते २०११ ला गेले.

पंचगंगाताई, तुम्ही लिहिलंय की गाण्यात देशाचं नाव नाही, शत्रूचं नाव नाही. म्हणूनच ते आमच्या ओट्यापर्यंत आलं.

---

पाऊसवेडी

@माणदेश, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आण्णांना नमस्कार.

---

ठाणेकरीण

धागा वाचून काल घरी अल्बम लावला. मुलगी पंधरा वर्षांची, ती शब्द वाचत वाचत ऐकते. ‘मनी फॉर नथिंग’ला थांबली. त्यातल्या एका कडव्यात समलिंगी पुरुषांना हिणवणारा शब्द आहे, तोही परत परत. आम्ही कॉलेजात ते गाणं ओरडून म्हणायचो, त्या शब्दासकट, अर्थ ठाऊक नसताना. तिने सरळ विचारलं, “आई, तुम्हाला हे चाललं?”

पंचगंगा यांचा मुद्दा, की नॉफ्लर दुसऱ्याला बोलू देतो, मला पटलाय. तो शब्द त्या दुकानातल्या कामगाराचा आहे. पण ऐकणाऱ्या लाखोंना ते पात्र आहे हे कळतं का? आमच्या कॉलेजात कुणालाच कळलं नव्हतं. मग दुसऱ्याच्या आवाजात बोलण्याची जबाबदारी कुठे संपते? मला खरंच जाणून घ्यायचंय, तुम्ही सगळे काय म्हणता?

---

तबकडी

कॅनडात यावर रीतसर निवाडा झाला होता. २०११ च्या जानेवारीत तिथल्या खासगी प्रसारकांच्या मानक परिषदेने मूळ गाणं रेडिओवर लावणं योग्य नाही असं ठरवलं. बरीच ओरड झाली, आणि त्याच वर्षी त्यांनी फेरविचार करून निर्णय एकेका केंद्रावर सोपवला. ते कडवं वगळलेली छोटी आवृत्ती मात्र आधीपासून होतीच. पुढे मैफलींमध्ये नॉफ्लर स्वतः तो शब्द बदलून गायलेला आहे.

---

पंचगंगा

@ठाणेकरीण, तुमच्या मुलीचा प्रश्न रास्त आहे आणि मला तो दोन दिवस सोडत नाहीये.

मी असं बघते. ‘द मॅन्स टू स्ट्राँग’मध्ये बोलणारा माणूस वाईट आहे हे संगीतच सांगतं. गिटारचे ते आघात होतात तेव्हा तुमच्या अंगावर येतं, तुम्ही त्याच्या बाजूचे राहूच शकत नाही. ‘मनी फॉर नथिंग’मध्ये संगीत उलट काम करतं. ती गिटार इतकी धुंद आहे की ऐकणारा त्या कामगाराच्या बाजूला जाऊन उभा राहतो आणि त्याच्याबरोबर ओरडतो. पात्र वेगळं ठेवायला जी फट लागते ती गिटारने बुजवून टाकली. तंत्र दोन्हीकडे एकच आहे, पण दुसऱ्या बाजूला ते जेवढं साधलंय तेवढं पहिल्या बाजूला नाही.

म्हणून गाणं टाकून द्यावं असं मी म्हणणार नाही. त्या कामगाराचा राग खरा आहे. पाठीवर फ्रिज वाहायचा आणि समोर पडद्यावर कुणीतरी गिटार वाजवून पैसे कमावतोय हे बघायचं. मत्सर, कष्ट आणि तुच्छता एकत्र आली की माणसं असं बोलतात, ते नॉफ्लरने टिपलंय. पण पंधरा वर्षांच्या मुलीने ते गुणगुणायला नकार दिला तर मी तिच्या बाजूने आहे.

---

टाइनकाठ

मी गेली काही वर्षं न्यूकॅसलला आहे, मूळची नाशिकची. इथे नॉफ्लर म्हणजे घरचा माणूस. जन्म ग्लासगोचा, १९४९ चा, पण वाढला इथे. ‘लोकल हीरो’ या १९८३ च्या सिनेमाला त्याचं संगीत होतं. त्याच्या शेवटाची धून न्यूकॅसल युनायटेडचे खेळाडू सेंट जेम्स पार्कवर मैदानात उतरतात तेव्हा वाजते. हजारो माणसं शांत होतात आणि मग एकदम आवाज उठतो. माझा नवरा फुटबॉल फारसा बघत नाही, तो त्या दोन मिनिटांसाठी येतो.

फॉकलंडबद्दल एक भर. युद्धाला २५ वर्षं झाली तेव्हा, २००७ मध्ये, नॉफ्लरने ‘ब्रदर्स इन आर्म्स’ अ‍ॅबी रोड स्टुडिओत नव्याने रेकॉर्ड केलं. युद्धातून परतलेल्या, मनाने खचलेल्या सैनिकांच्या मदतीसाठी. माझ्या शेजारचे आजोबा त्या युद्धात जहाजावर होते. त्यांच्याकडे जुनं आणि नवं दोन्ही आहे. ते नवं लावतात. म्हणतात, जुन्यात गाणारा तरुण आहे, आमच्यातली जी पोरं तिथे राहिली त्यांच्या वयाच्या जवळचा. नव्यात तो आमच्याएवढा झालाय.

---

बांद्रा_पूर्व

मार्च २००५ मध्ये नॉफ्लर मुंबईत आला होता, बीकेसीच्या मैदानात. मी होतो. डायर स्ट्रेट्स तोवर मोडून दहा वर्षं झाली होती, हा त्याचा स्वतःचा दौरा. आमच्या आजूबाजूला सगळे तिशी-पस्तिशीचे, ऑफिसमधून थेट आलेले, कित्येकांच्या गळ्यात अजून ओळखपत्रं. ‘सुलतान्स’ला जो गोंधळ झाला तो झाला. पण शेवटाकडे ‘ब्रदर्स इन आर्म्स’ सुरू झालं आणि पहिल्या गडगडाटानंतर मैदान इतकं गप्प झालं की मागे रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या. सहातारी म्हणतात त्या मोकळ्या जागा तिथे मी कानाने अनुभवल्या. तो थांबायचा आणि कुणी टाळीसुद्धा वाजवत नव्हतं.

स्टुडिओबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. अल्बमचं बरंचसं काम कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटावर झालं, बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओत. ‘द पोलीस’ बँडचा गायक स्टिंग तेव्हा सुट्टीवर तिथेच होता, म्हणून ‘मनी फॉर नथिंग’च्या सुरुवातीचा तो उंच आवाज त्याचा. १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने स्टुडिओची धूळधाण केली, आणि १९९५ पासून ज्वालामुखी जागा झाला तो बेटाची राजधानी प्लिमथ गाडूनच थांबला. बेटाचा दक्षिणेकडचा मोठा भाग आज बंद आहे. या अल्बमचा आवाज ज्या खोल्यांमध्ये भरला, त्या आता वापरात नाहीत.

---

सहातारी

@टाइनकाठ, २००७ चं आज पहिल्यांदा ऐकलं. आजोबा म्हणतात ते खरं आहे. विद्यार्थ्यांना दोन्ही ऐकवणार, एकामागे एक, आणि कुठे किती थांबतो ते मोजायला सांगणार.

@माणदेश, या आठवड्यात हे गाणं शिकवायची पाळी आहे. तुमच्या आण्णांचं वाक्य वर्गात सांगितलं तर चालेल का? नाव-गाव काही घेणार नाही.

---

माणदेश

सांगा सर. त्यांना आवडलं असतं.

---

कोरडाओढा

दुसऱ्या बाजूपासून सुरुवात करून परत ऐकला. सिंथबद्दलचं मत तेच आहे. पण ‘राइड अक्रॉस द रिव्हर’मध्ये दोघांना एकच चाल दिलीय हे मी आजवर नीट पकडलं नव्हतं, आणि आता त्याशिवाय ते गाणं ऐकताच येत नाही.

‘टेलिग्राफ रोड’चा धागा रविवारी टाकतो. तबकडी, तुमच्याकडे ‘लव्ह ओव्हर गोल्ड’ची पहिली एलपी असेल तर ती वाजवून ठेवा, ढोल त्यात पिक विदर्सचे आहेत की टेरी विल्यम्सचे यावर मागे एकदा भांडण झालं होतं, ते तिथे मिटवू. विदर्स तो अल्बम करूनच बाहेर पडला, असं माझं म्हणणं आहे.

---

तबकडी

बरोबर आहे, विदर्सच. एलपी आहे, वाजवून ठेवतो.